बेचाळिसावं प्रकरण

त्रेपन्न वर्षं पुस्तकं बांधली की माणसाचं नाव बाइंडरच उरतं. दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली, तरी खालचा लाँड्रीवाला त्याला बाइंडर म्हणायचा, शेजारची म्हातारी बाइंडर म्हणायची, आणि जिन्याखालच्या टपालपेटीवरही कुणीतरी खडूने तेच लिहून ठेवलं होतं. खरं नाव माहीत असलेली माणसं एकेक करून गेली. एक उरली होती, त्याची थोरली बहीण. पण तीही त्याला नावाने हाक मारत नसे, नुसतं 'अरे' म्हणायची.

आता हजारो पुस्तकं ज्याच्या हाताखालून गेली, त्याने वाचली किती असतील? एकही नाही. फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, बरोबर क्रमाने लागलेत की नाही हे बघण्यापुरते तो पानांवरचे आकडे वाचायचा, मग शिलाई, मग पुठ्ठा, की पुस्तक गेलं ज्याचं त्याच्याकडे. हलवाई काय दिवसभर पेढे खात बसतो का, असं तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. घरात पुस्तकांना फळीसुद्धा नव्हती. होता तो बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, दोन खोल्यांच्या घरात ठाण मांडून बसलेला, कारण तो उचलायला चार माणसं लागतात आणि बाइंडरकडे आता चार माणसं नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. दुपारी दोन ते चार या वेळात त्या घरात नळ गळण्याशिवाय काही घडत नसे.

दोन वर्षांपूर्वी मुलीने त्याला टॅब आणून दिला. बारीक शिलाई करून करून डोळे अधू झाले होते, पण त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता यायचं. बाइंडरने ते करत करत अंगठ्याच्या नखाएवढं केलं. पडद्यावर चारच ओळी मावायच्या, पण त्या चार ओळी त्याच्या होत्या. आणि या वयात म्हाताऱ्याला पुस्तकांची हाव सुटली. आठवड्याला एक, कधी दोन, अशी तो अ‍ॅपमधून पुस्तकं घेत सुटला. एकशे चौदा झाली. सगळी वाचून झाली होती असं नाही. पण ती आहेत, आपली आहेत, हे बघायला तो दिवसातून तीनदा तो टॅब उघडायचा.

त्यांतलं पहिलं पुस्तक म्हणजे होडीवाल्यांची कादंबरी. तिचं खरं नाव मोठं होतं, पण भावाबहिणीत तिला हेच नाव पडलं होतं. नदीवर होड्या चालवणारं एक घराणं, त्यातले तीन भाऊ, एक खाष्ट आत्या, आणि साठ लांबलचक प्रकरणं. रोज दुपारी चारला बाइंडर ताईला फोन लावायचा आणि अर्धा तास ती कादंबरी वाचून दाखवायचा. ताईचं वय चौऱ्याहत्तर. डोळ्यांनी तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. नवरा गेल्यावर ती वृद्धाश्रमात राहायला गेली होती. चारला पाच मिनिटं असताना तिथली सेविका तिच्या हातात फोन देऊन ठेवायची. बाइंडर त्याआधी दोनदा साबण लावून हात धुवायचा, कोपरापर्यंत. काचेला हात लावायचा तर एवढं धुवायचं कशाला, असं मुलीने एकदा विचारलं होतं. सवय, असं म्हणून त्याने तो विषय तिथेच संपवला.

वाचण्यात तो कच्चा होता, हे कबूल केलं पाहिजे. शाळा आठवीत सुटलेली. जोडाक्षर आलं की गाडी अडायची, अर्ध्या तासात जेमतेम दोन पानं व्हायची. तो अडखळला की पलीकडून ताई एवढंच म्हणायची, "सावकाश." पहिले काही महिने त्याला त्या शब्दाचा राग यायचा. वाचून झालं की ती म्हणायची, "आज एवढंच पुरे. उद्या चारला." दोघांमध्ये याहून जास्त बोलणं फारसं होत नसे. तब्येत, हवा, मुलीची खुशाली, की झालं. पण आधीची एकोणतीस वर्षं एवढंही होत नव्हतं.

त्याचं कारण एक कपाट. दोघांचे वडील, अण्णा, म्हणजे पुस्तकवेडा माणूस. पगार झाला की पुस्तक, अंगावरचा सदरा फाटला तरी पुस्तक. भिंतभर कपाट भरलं होतं. शेवटच्या आजारपणात ताई येऊन राहिली आणि उशाशी बसून अण्णांना हीच होडीवाल्यांची कादंबरी वाचून दाखवू लागली. तिसाव्या प्रकरणात अण्णा गेले. ताईने पानात खुणेला दोरा घातला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली भावाच्या हातात दिली. मी सुट्टीत येते, तोवर सांभाळ, एवढंच सांगून गेली. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा भिंतीवर कपाटाच्या मापाचा फिकट चौकोन तेवढा होता. वाळवी लागली होती, सगळं रद्दीत घालावं लागलं, असं बाइंडर म्हणाला.  ताईने आणलेली पिशवी तशीच उचलली आणि त्याच दिवशीच्या गाडीने परत गेली. त्यानंतर लग्न, मयत, पत्ता बदलला, एवढं कळवण्यापुरतीच काय ती दोघांची पत्रं.

टॅब आल्यावर बाइंडरने सगळ्यात आधी त्या कादंबरीचं नाव टाइप केलं. ती निघाली. आठ दिवस त्याने धीर गोळा केला आणि ताईला फोन करून विचारलं, की ती कादंबरी मिळालीये, वाचून दाखवू का.  ताई म्हणाली, चार वाजता माझा चहा झालेला असतो. पहिल्या प्रकरणापासून वाच म्हणाली. आणि एक अट घातली. एकट्याने पुढचं वाचायचं नाही. बाइंडरने ती अट इमानदारीने पाळली. एक्केचाळिसावं प्रकरण संपलं तिथे बारा वर्षं परागंदा झालेला मधला भाऊ पलीकडच्या काठावर येऊन उभा होता आणि होडीसाठी हाका मारत होता. अलीकडे थोरला होडीत बसलेला. प्रकरण संपलं. ताई म्हणाली, उद्या चारला, आणि पहिल्यांदाच पुढे म्हणाली, "लवकर लाव जमलं तर."

त्या टॅबची पाठ काही दिवसांपासून फुगत होती. बाइंडरला वाटलं, पुस्तकाची फुगते तशी ही फुगली असणार, ओल धरली असेल. त्याने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून हलक्या दाबाने शिकंज्यात लावून ठेवला होता. फोनवर मुलीने हे ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत बॅटरी फुगलीये, पेट घेईल, घर जाळाल, आधी तो बाहेर काढा, असं ती ओरडली आणि तिने नवा टॅब पाठवून दिला. तो नेमका एक्केचाळिसावं प्रकरण संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

नवा आला म्हटल्यावर बाइंडरने दोन्ही टॅब टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आता त्याच्या धंद्यात एक नियम होता. नवं कव्हर चढवण्याआधी जुनं पार उतरवायचं. अर्धवट उतरवलं, जुनी खळ खाली राहिली, की वर्षाच्या आत नवं कव्हर सुटून हातात येतं. त्रेपन्न वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. म्हणून त्याने जुन्या टॅबवरून सुरुवात केली. सेटिंगमध्ये जाऊन जे जे 'काढा' म्हणून दिसलं ते काढलं. शेवटी 'अकाउंट बंद करा' असं आलं. तेही बरोबरच वाटलं. जुनं बंद केल्याशिवाय नवं उघडणार कसं?

अ‍ॅपने त्याला तीन वेळा विचारलं, नक्की का. काम चोख दिसतंय, असं मनात म्हणत तो कौतुकाने तिन्ही वेळा हो म्हणाला. सूचना लांबलचक होती. त्याच्या अक्षराच्या मापाने तिचे नऊ पडदे झाले. त्यातले तीन त्याने वाचले. पुस्तकांबद्दलचं सातव्यात होतं. मग फोनवर आकडे आले, ते त्याने एकेक करून टाकले, आणि जुना टॅब स्वच्छ झाला.

नव्या टॅबवर त्याच नंबराने नवं अकाउंट उघडलं. अ‍ॅपने त्याचं स्वागत केलं. खाली लिहिलं होतं, तुमचं कपाट रिकामं आहे.

त्याने ते वाक्य चार वेळा वाचलं. अडखळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चारला त्याने ताईला फोन लावला आणि घसा बसलाय म्हणून सांगितलं. आवाज खरंच बसला होता, त्यामुळे थाप बेमालूम वठली. मग उद्या, असं ताई म्हणाली.

पुढचे दोन दिवस बाइंडरने अ‍ॅपच्या कंपनीत फोन करण्यात घालवले, आणि चारला ताईला तीच घशाची थाप दिली. दर वेळी नवी मुलगी, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटची जरा मायाळू होती, तिने निदान पूर्ण ऐकून घेतलं. ती म्हणाली, "सर, पुस्तकं तुमची नव्हती. वाचायची परवानगी तुमची होती. अकाउंटबरोबर ती संपली." बाइंडरने विचारलं, मग परत विकत घेतो, ती होडीवाल्यांची तरी द्या. तिने शोधलं. त्या पुस्तकाचा करार गेल्या वर्षीच संपला होता. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांच्याकडेच ते राहिलं होतं, नव्याने कुणाला मिळत नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानदारांनीही हात वर केले. एकच आवृत्ती, तीही छोटी, आता कुठली मिळायला, असं ते म्हणाले.

त्याची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आत्याला सरळ सांगून टाका. यंत्रात बिघाड झाला म्हणा. ती काय तुम्हाला खाणार आहे का?"

सांगायला सोपं होतं. पण बाइंडरला ते वाक्य कुठल्याही बाजूने उचलता येईना. ताई, तुझं पुस्तक गेलं. तेच पुस्तक, त्याच माणसाच्या हातून, दुसऱ्यांदा. या वेळी वाळवीसुद्धा नव्हती मदतीला. ती चिडली तर परवडलं असतं. पण ती चिडणार नाही, पिशवी उचलेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर चार वाजतील, पाच वाजतील, सहा वाजतील, आणि त्याला कुणी 'अरे' म्हणणार नाही. 

तिसऱ्या दिवशी त्याने हात धुतले, रिकामा टॅब समोर उभा केला, फोन लावला, आणि बेचाळिसावं प्रकरण असं म्हणून मनानेच सुरू केलं.

आयुष्यात एक गोष्ट कधी रचली नव्हती या माणसाने. पोरीला झोपवायलासुद्धा तो फर्मे मोजून दाखवायचा. पण वेळ मारून न्यायची म्हटल्यावर जीभ सुटली. मधला पलीकडून हाका मारतोय. थोरल्याला ऐकू येतंय, पण तो होडी सोडत नाही. दोर घेऊन बसतो, गाठी सोडवतो, परत घालतो. का सोडत नाही, ते बाइंडरलाही माहीत नव्हतं. अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही. आज एवढंच पुरे, उद्या चारला, असं ताई म्हणाली, आणि त्याने फोन ठेवून घाम पुसला. उद्याचं उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी कळलं का ते. मधल्याने घर सोडताना थोरल्याकडे एक पेटी सांभाळायला दिली होती. आणि ती पेटी आता घरात नव्हती. पुरात वाहून गेली, असं थोरला सगळ्यांना सांगत आला होता. पेटी कुठून आली, बाइंडरला सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेली. निघाल्यावर परत घेता येईना, कारण ताईने मध्येच विचारलं होतं, पेटीत काय होतं? तिला वाचताना मध्ये बोलायची सवय नव्हती. बाइंडर म्हणाला, ते पुढे येईल.

तिसऱ्या दिवशी मधला दुसऱ्याच कुणाच्या होडीतून आला, घरात शिरला आणि पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्याने काही विचारलं नाही. हात टेकल्यासारखा थोरला चुलीपाशी बसून राहिला. ते सांगताना बाइंडर थांबला. बाहेर बस येऊन थांबली, गेली. तो पाणी प्यायला आणि रेटून पुढे गेला. चौथ्या दिवशी आत्याने थोरल्याला आडोशाला गाठलं आणि विचारलं, की त्या वर्षी पूर पायरीच्या वर आलाच नव्हता, मग पेटी गेली कशी? इथे बाइंडर थांबला. पुढचं त्याला सुचेना. खरं म्हणजे सुचत होतं, पण म्हणवेना.

नेहमीची वाक्यं आली नाहीत. पलीकडे कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं करकरत गेली.

"अरे," ताई म्हणाली, "हे कुणी लिहिलंय?"

"म्हणजे काय? कादंबरीच आहे."

"वाचताना तू अडखळतोस. जोडाक्षर आलं की थांबतोस. चार दिवस झाले, एकदाही थांबला नाहीस. मला एकदाही सावकाश म्हणायला लागलं नाही."

बाइंडरने समोरच्या काळ्या काचेकडे बघितलं. त्यात त्याचाच चेहरा दिसत होता, चष्म्यासकट. मग त्याने सगळं सांगितलं. फुगलेली पाठ, शिकंजा, नवं कव्हर, जुनं कव्हर, तीनदा हो म्हटलेलं, सातवा पडदा. एकशे चौदा पुस्तकं गेली, त्यात तुझंही गेलं, ताई. खरा शेवट आता कुठेच मिळत नाही. एवढं बोलून तो वाट बघत राहिला. ताईने फोन ठेवला नव्हता, तिचा श्वास ऐकू येत होता.

"त्या कपाटाला वाळवी लागली होती?" तिने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर एकतीस वर्षं त्याच्या जिभेच्या टोकावर तयार होतं. ते कधी कुणी मागितलंच नव्हतं. वाळवी लागलेली पुस्तकं लोक त्याच्याकडे घेऊन यायचे. तो ती उन्हात घालायचा, पान न् पान झाडायचा, नवा पुठ्ठा लावून द्यायचा. हे ताईलाही माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

"नव्हती," तो म्हणाला.

ढकलगाडी परत गेली.

"आज एवढंच पुरे," ताई म्हणाली, आणि फोन बंद झाला. उद्या चारला असं ती म्हणाली नाही.

दुसरा दिवस संपता संपेना. सकाळी बाइंडर खाली जाऊन बसथांब्यावरच्या बाकावर बसला, दोन बस गेल्यावर उठून वर आला. लाँड्रीवाल्याने विचारलं, काय बाइंडर, कुठे निघालात? त्याला काय सांगणार? वर येऊन त्याने शिकंज्यावरची धूळ पुसली. टॅब उघडला, कपाट रिकामं आहे हे वाचलं, बंद केला. मुलीला फोन करावा असं वाटलं, पण ती कामावर असेल. एवढ्या मोठ्या दिवसात बोलावं असं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने 'उद्या' म्हटलेलं नव्हतं.

पावणेचारला तो उठला आणि हात धुवायला लागला. साबण लावला, कोपरापर्यंत फेस केला, आणि मग ध्यानात आलं की आज वाचायचं काहीच नाही. तरी त्याने दुसऱ्यांदाही साबण लावला. बेसिनसमोर तो तसाच ओले हात धरून उभा राहिला. मग पुसले आणि फोन लावला.

बराच वेळ घंटी वाजत राहिली. आठव्या घंटीला फोन उचलला गेला.  पलीकडून नुसता श्वास. फोन तिच्या हातातच असणार, चारला पाच मिनिटं असल्यापासून.

"मी चौदा वर्षांचा होतो," बाइंडर म्हणाला. "तुझी शाळा चालू ठेवली आणि माझी सोडवून मला बांधणीला बसवलं. मी संध्याकाळी घरी यायचो तेव्हा तू अण्णांजवळ बसून वाचत असायचीस. मला पण ऐकायचं असायचं. मी जवळ येऊन बसलो की अण्णा म्हणायचे, खळीचे हात घेऊन पुस्तकाला शिवू नको, आधी धुऊन ये. खळ लवकर निघत नाही, ताई. मी घासत बसायचो. आणि धुऊन येईपर्यंत रोज तुझं प्रक... तुझं प्रक..."

शब्द साधाच होता. पण तो काही केल्या पुढे निघेना.

"सावकाश," ताई म्हणाली.